आईचा उजवा हात आणि संक्रांतीची भेटकार्डं



या ब्लॉगवर मी सहसा ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉइड, लेप्टो अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय वाचून काहींना वाटेल, डॉक्टर आता हस्तकलेचा वर्ग घ्यायला लागले की काय! पण हा लेख शेवटपर्यंत वाचा. यात पक्षाघात आहे, पक्षाघातानंतर येणारं नैराश्य आहे आणि माझ्या हातून घरातच झालेली एक चूक आहे. भेटकार्डं का आली, ते ओघात कळेल.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लांजा तालुक्यातल्या वेगवेगळ्या वाड्यांवरच्या शाळांत तिची तीसेक वर्षं गेली. आजही बाजारात तिला कोणी नावाने ओळखत नाही, सगळे 'बाई' म्हणतात. तिचा दरवर्षीचा एक उपक्रम होता. जानेवारी उजाडला की वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून ती संक्रांतीचं एक भेटकार्ड करून घ्यायची. कागद विकत आणायचा नाही, हा नियम. जुन्या लग्नपत्रिका, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं, उदबत्तीच्या पुड्यांची वेष्टनं, उरलासुरला घोटीव कागद एवढ्यावर काम चालायचं. ठसे भेंडीचे, बटाट्याचे आणि पावसाळ्यात गडग्यावर उगवणाऱ्या त्या नेच्याचे. कोकणातल्या मुलांना हे नेचं चांगलं ठाऊक असतं. त्याच्या पानाच्या मागे पांढरी पूड असते. हातावर ठेवून चापट मारली की पांढरी नक्षी उमटते. आई ती गडद निळ्या कागदावर उमटवून, फुंकर मारून, पान वर्षभर वहीत जपून ठेवायची.

अंगावरून वारं गेलं

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी साडेपाचला उठून आईने स्वतःचा चहा स्वतः केला. साडेसहाच्या सुमारास तुळशीला पाणी घालताना तिच्या हातातला तांब्या पडला आणि पाठोपाठ ती खाली बसली. मी धावत गेलो तेव्हा तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. आपल्याकडे याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. डॉक्टर पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात.

लांज्याहून रत्नागिरी चाळीसेक किलोमीटर. सीटी स्कॅन झाला, डोक्यात रक्तस्राव नाही, रक्तवाहिनीत गुठळी आहे असं ठरलं आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिला तीन तासांच्या आत मिळालं. ते साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि जितकं लवकर, तितकं बरं. डॉक्टरचं घर होतं म्हणून हे जमलं, असं लोक म्हणतात. खरं कारण एवढंच, की आम्ही तेल चोळत बसलो नाही आणि 'दुपारपर्यंत बघू' असं म्हणालो नाही.

पण एक गोष्ट मला नंतर समजली. त्याच्या आठ दिवस आधी आईच्या हातातून कप निसटला होता. दहा मिनिटं उजवा हात 'आपला नसल्यासारखा' वाटला, मग पूर्ववत झाला. ती कोणाला काही बोलली नाही. मी त्या वेळी खालच्या मजल्यावर दवाखान्यात रुग्ण तपासत होतो. 'बरं वाटलं, मग कशाला सांगायचं?' हे तिचं उत्तर. वाचकहो, याला टीआयए म्हणतात, म्हणजे तात्पुरता पक्षाघात. गुठळी अडकते आणि आपोआप सुटते. हात बरा होतो, पण पुढच्या काही दिवसांत, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, मोठा झटका येण्याचा धोका बराच वाढलेला असतो. दहा मिनिटांत बरा झालेला हात ही त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. त्याच महिन्यात आईने ब्लडप्रेशरची गोळीही 'आता नॉर्मल येतंय' म्हणून बंद केली होती. गोळीमुळे नॉर्मल येत होतं, हे मी शेकडो रुग्णांना सांगितलं असेल. आईला सांगायचं राहून गेलं.

हात मागे का राहतो?

पाय लवकर सुधारला. तीन आठवड्यांत आई काठी घेऊन घरात फिरू लागली. बोलणंही बरंच साफ झालं. हात मात्र हलेना. नातेवाईक विचारत, 'पाय चालतो, मग हात का नाही?' हा प्रश्न मला दवाखान्यातही नेहमी विचारला जातो.

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा एक नकाशा असतो. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली तो मांडला. त्या नकाशात शरीराचे भाग त्यांच्या आकाराप्रमाणे नसतात. जो भाग जितकी नाजूक, बारीक कामं करतो, तितकी जागा त्याला जास्त. अख्ख्या पाठीपेक्षा एका अंगठ्याला जास्त जागा मिळते. आईच्या मेंदूतली जी रक्तवाहिनी बंद झाली, ती नेमकी चेहऱ्याच्या आणि हाताच्या भागाला रक्त पुरवणारी होती. पायाचा भाग बराचसा दुसऱ्या वाहिनीवर चालतो. शिवाय चालायला पायाने ठोक काम केलं तरी चालतं. हाताला मात्र बटण लावायचं असतं, भात कालवायचा असतो, सही करायची असते.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आसपासच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. मेंदू कामातून शिकतो, आणि तेच काम पुन्हापुन्हा केल्यावर शिकतो. त्यातही कामाला काही अर्थ असेल, त्यातून काही तयार होत असेल, तर माणूस ते जास्त वेळा करतो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांपर्यंत बरा असतो आणि नंतर मंदावतो, पण थांबतो असं नाही.

माझी चूक

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी आईच्या हातात रबरी बॉल दिला आणि सांगितलं, 'दिवसातून तीन वेळा पन्नास-पन्नासदा दाब.' ती पहिले चार दिवस दाबायची, मग बॉल उशीशेजारी पडून राहू लागला. मी चिडायचो. 'आई, तू प्रयत्नच करत नाहीस. हात असाच राहील.' ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दोन घास खाऊन ताट सरकवायची. पहाटे तीनला जागी व्हायची. टीव्ही नको, फोन नको, शेजारची माणसं नकोत. मला तो हट्ट वाटला.

दीड महिन्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, 'सर, बाईंना नैराश्य आलंय असं नाही वाटत तुम्हाला?'

मी खरंच गप्प झालो. पक्षाघात झालेल्या साधारण दर तीन माणसांपैकी एकाला पुढे नैराश्य येतं. यात मनाचा कमकुवतपणा नसतो. मेंदूला झालेली इजा आणि आयुष्यात झालेली उलथापालथ या दोन्हींतून हे येतं. भूक जाणं, पहाटे लवकर जाग येणं, कशातच रस न उरणं, व्यायामाला नकार ही त्याची लक्षणं मी इतरांच्या घरी ओळखली असती. स्वतःच्या घरात मी मुलगा होतो, डॉक्टर नव्हतो. म्हणून रागावलो.

बॉलचंही माझं चुकलंच होतं. पक्षाघातानंतर अनेकांची बोटं मिटलेलीच राहतात. त्यांना मूठ आवळण्यापेक्षा ती उघडणं जड जातं. अशा हाताला बॉल दाबायला लावून फारसं साधत नाही. कोणत्या हाताला कोणता व्यायाम, हे फिजिओथेरपिस्टला ठरवू द्यावं.

आमच्या फिजिशियन मित्राने आईला तपासून नैराश्याची गोळी सुरू केली. आणि त्या मुलीने आईला एक साधा प्रश्न विचारला, जो मी विचारला नव्हता. 'बाई, तुमचे हात आधी काय काय करायचे?'

आई बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, 'खडू धरायचे. आणि जानेवारीत कार्डं करायचे.'

पहिलं कार्ड: दहापैकी तीन

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला, खोडरबर कोरून केलेले ठसे निघाले, वहीत दाबलेलं नेचं निघालं. डिसेंबर सुरू झाला होता.

पहिलं कार्ड व्हायला तीन दिवस लागले. डाव्या हाताने कागद दाबून धरायचा आणि उजव्या हाताच्या कडेने घडीवरून घासत न्यायचं, एवढंच काम होतं. घडी तिरपी पडली. ठसा दोनदा सरकला. माझ्या मुलीने 'आजी, छान झालंय' म्हटल्यावर आईने चश्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'खोटं बोलू नकोस. दहापैकी तीन.' आजारपणानंतर ती पहिल्यांदाच बाईंसारखी बोलली.

दुसऱ्या कार्डाला तिने स्वतःला चार गुण दिले. संक्रांतीपर्यंत अकरा कार्डं झाली. शेवटच्याला साडेसहा. वर्गात चाळीस व्हायची, इथे अकरा. पण अकरा कार्डं म्हणजे किती हालचाली, ते त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगतो.

कार्ड करताना हात काय काय करतो

१) कागद मोजणे आणि घडी घालणे: ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध दुमडला की नेहमीचं कार्ड तयार होतं. कडेला कड जुळवताना दोन्ही हात एकत्र काम करतात. पक्षाघातानंतर माणूस सगळं चांगल्या हातानेच उरकायला लागतो आणि आजारी हात वापराअभावी आणखी मागे पडतो. घडीला दोन्ही हात लागतातच. आजारी हात नुसता कागद दाबून धरत असला, तरी ती सुरुवात असते.

२) घडीची रेघ दाबून घेणे: जाड कागद थेट दुमडला तर तडकतो. आधी पट्टी लावून, रिकाम्या रिफिलच्या टोकाने रेघ ओढावी आणि मग दुमडावं. पेन धरण्याची पकड इथे परत येते. शाई नसल्यामुळे चुकलं तरी दिसत नाही, म्हणून हात मोकळा राहतो.

३) घडी घासणे: मनगट थोडं वर उचलून, तळहात उघडा ठेवून कागदावरून सरकवायचा. मिटलेल्या बोटांना उघडण्याची ही चांगली सवय आहे.

४) ठसा उमटवणे: भेंडीचं देठाकडचं टोक आडवं कापलं की पाच-सहा पाकळ्यांचं फूल मिळतं. अंगठा आणि दोन बोटांत भेंडी धरायची, स्पंजवरच्या रंगात टेकवायची, उचलायची, कागदावर सरळ दाबायची, पुन्हा उचलायची. धरणे, उचलणे, नेमक्या जागी ठेवणे आणि सोडणे या चारही क्रिया जेवताना लागतात. यात सोडणं सर्वांत अवघड असतं. भेंडी सुटली नाही की ठसा ओढला जातो, म्हणजे चूक लगेच डोळ्यांना दिसते. सुरुवातीला जाड बटाट्याचा ठसा घ्यावा, मग भेंडी, मग पेन्सिलच्या मागच्या रबराचे ठिपके. पकड जसजशी सुधारेल, तसतशी वस्तू बारीक करत जायची.

५) पान उलटणे, लिफाफा भरणे: तळहात पालथा-उताणा करण्याची हालचाल यात होते. किल्ली फिरवायला, पेला तोंडाशी न्यायला हीच लागते.

आईने एका कार्डावर साधारण तीस ठसे उमटवले. अकरा कार्डांचे तीनशेच्या वर. 'हा व्यायाम तीनशे वेळा कर' असं सांगितलं असतं, तर तिने मला दाराबाहेर काढलं असतं!

घड्यांचेही प्रकार आहेत. मधोमध घडी सर्वांत सोपी. दोन्ही बाजू आत दुमडून मध्ये भेटल्या की दाराची घडी होते. एकदा पुढे, एकदा मागे अशी पंख्याची घडी दोन्ही मनगटांना कामाला लावते. घडीवर दोन समांतर काप देऊन मधली पट्टी आत ढकलली की कार्ड उघडताच एक पायरी उभी राहते आणि तिच्यावर लग्नपत्रिकेतला गणपती किंवा फूल चिकटवता येतं. ही शेवटची करामत कात्री नीट चालायला लागल्यावरच करावी.

कागदाबद्दल एक उपयोगी गोष्ट. गिरणीच्या कागदाला एक दिशा असते. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने घडी सरळ पडते. हातकागदात अशी दिशा जवळजवळ नसते आणि सुती चिंध्यांच्या लांब तंतूंमुळे तो घडीवर सहसा तडकत नाही. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद मी आईसाठी मुद्दाम मागवला. तिने दोनच वापरले, बाकी 'चांगल्या कार्डासाठी' ठेवून दिले. तिच्या पिढीच्या बायका अशाच!

हात आणि माणसाचा मान

हातावर आजार झाला की माणसाला आपण निरुपयोगी झालो असं वाटतं, हे आपल्याकडे बाबा आमट्यांनी नेमकं ओळखलं. १९४९ साली वरोऱ्याजवळ त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन सुरू केलं, ते दानावर न चालता कामावर उभं राहिलं. कुष्ठरोगात नसा बाधित होऊन बोटं वाकतात, संवेदना जाते. तशा हातांनी तिथे शेती झाली, घरं बांधली, हातमाग चालले. आनंदवनात तयार होणाऱ्या वस्तूंत भेटकार्डंही आहेत. तसं कार्ड हातात आलं तर घडीकडे नीट बघा. ती घालणाऱ्या हातांची गोष्ट वेगळी असू शकते.

आणखी एक छोटी गोष्ट. युनिसेफची भेटकार्डं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांची सुरुवात १९४९ साली चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या एका मुलीच्या चित्राने झाली. महायुद्धानंतर गावाला मिळालेल्या मदतीबद्दल तिने आभाराचं चित्र काढलं. कागद नव्हता, म्हणून काचेवर काढलं. साहित्य नाही ही सबब किती लंगडी असते, हे आई मुलांना लग्नपत्रिका देऊन सांगायची, ते असंच.

कार्ड कोणाला गेलं?

अकरा कार्डं झाली, तेव्हा मला वाटलं ती मावशी, आत्या, पुण्याच्या बहिणीकडे जातील. आईने यादी वेगळीच केली. ज्यांच्या घरी त्या वर्षी संक्रांत गोड होणार नव्हती, अशी अकरा माणसं. त्यांत एक माझ्या रुग्ण होत्या. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या वर्षी त्यांच्या घरातला कर्ता माणूस गेला होता आणि तेव्हापासून त्या दवाखान्यात यायच्या बंद झाल्या होत्या. ब्लडप्रेशरची गोळीही थांबली असणार, हे मला माहीत होतं. निरोप पाठवायचा विचार मी दोन-तीनदा केला आणि कामात राहून गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट होते, आणि सर्वांत वर आईचं कार्ड. निळ्या कागदावर नेच्याची पांढरी नक्षी, आत वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी. म्हणाल्या, 'सगळे तेराव्यापर्यंत आले, मग कोणी नाही आलं. बाईंनी मात्र आठवण ठेवली. बाईंचा हात असा, तरी त्यांनी लिहिलं. मग मी म्हटलं, आपण निदान गोळी तरी घ्यावी.'

त्या दिवशी त्यांचं वरचं प्रेशर १८० होतं. मी तपासलं, गोळी सुरू केली आणि त्यांना वर आईकडे पाठवलं.

हा निव्वळ भावनेचा भाग नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेरोम मोटो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या आणि नंतर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ माणसांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नाही, प्रश्न नाहीत, 'या' असा आग्रह नाही. तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, एवढंच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथे विष किंवा जादा गोळ्या घेऊन वाचलेल्यांना वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे प्रकार पुन्हा घडण्याची एकूण संख्या जवळपास निम्मी झाली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसला असं नाही, आणि पत्र हा उपचारांना पर्यायही नाही. पण पोस्टाच्या तिकिटाच्या किमतीत एवढं होऊ शकत असेल, तर करून बघायला काय हरकत आहे?

आजारपणात माणसं पहिल्या पंधरवड्यात येतात. शहाळी आणतात, बिस्किटं आणतात. खरा एकटेपणा तिसऱ्या महिन्यात सुरू होतो. कार्ड तेव्हा पाठवा. आणि त्यात 'लवकर बरे व्हा' लिहू नका. लवकर बरं होणं त्यांच्या हातात नसतं. 'तुमची आठवण आली' पुरेसं आहे.

करून बघणार असाल तर या गोष्टी सांभाळा

• पक्षाघात झालेल्या रुग्णाने फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी. आजारी हात टेबलावर नीट टेकलेला असावा, लोंबकळता नको. खांदा दुखत असेल तर थांबा. त्या हाताला धरून ओढणं तर कधीच नको.

• एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. दिवसातून दोन-तीनदा बसलेलं चालेल.

• मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे बोटांची संवेदना कमी असेल, तर ब्लेड आणि कटर वापरू नका. बोट कापलं तरी कळत नाही. बोथट टोकाची कात्री घ्या आणि काम झाल्यावर बोटं डोळ्यांनी तपासा. कागदाची कडही कापते.

• रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोट्या कापातूनही रक्त बराच वेळ वाहतं. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा.

• दमा असलेल्यांनी रंगाचे स्प्रे टाळावेत. चमकी मुलांच्या डोळ्यांत गेली तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुवावं.

• घरच्यांनी दोन गोष्टी करू नयेत. 'दे, मी करते' म्हणून हातातून काम काढून घेऊ नये आणि खोटं कौतुक करू नये. थांबायला शिकावं. मलाही वेळ लागला.

• नुसत्या कार्डांनी नैराश्य जातं असं समजू नका. आईची गोळी नऊ महिने चालू होती आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद झाली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

• आणि हे फ्रीजवर लिहून चिकटवा: तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं किंवा नजर जाणं. यातलं काहीही झालं तर शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत बरं वाटलं, तरीही जा.

आता

आईचा हात पूर्ण बरा झाला का? नाही. ब्लाऊजचं हूक तिला अजून लावता येत नाही. भात डाव्या हाताने, चमच्याने खाते. कडाक्याच्या पावसात बोटं आखडतात. पण सही करते, तुळशीला पाणी घालते आणि संक्रांतीला कार्डं करते. यंदा बावीस झाली. त्या रुग्ण बाई बाजाराच्या दिवशी येतात आणि आईच्या शेजारी बसून घड्या घालतात. त्यांच्या घड्या आईच्या घड्यांपेक्षा सरळ पडतात, हे आईला मुळीच आवडत नाही. त्यांना ती आठच गुण देते.

मागच्या महिन्यात मी दवाखाना बंद करून वर गेलो, तर टेबलावर एक कार्ड माझ्या नावाचं होतं. चांगला हातकागद, जो तिने राखून ठेवला होता. वर भेंडीची फुलं, एकही सरकलेलं नाही. आत लिहिलं होतं, 'तू रागावलास ते बरं नाही केलंस. पण वेळेवर नेलंस.' खाली गुण होते. दहापैकी सात.

माझ्या मते थोडे जास्तच दिलेत.